हृदयविकार आणि वनस्पतींमधली औषधी द्रव्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकाराच्या गोळ्या सुरू झाल्या की ओळखीतलं कोणीतरी झाडपाल्याचं काहीतरी सुचवतंच. काही जण ते डॉक्टरांना विचारून घेतात, बरेच जण न विचारता. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. छातीत दाब किंवा कळ, आडवं झाल्यावर लागणारा दम, अचानक घेरी, बेताल ठोके यांपैकी काही होत असेल, तर मात्र हे वाचत बसू नका आणि काढाही उकळू नका. थेट इस्पितळ गाठा.

वनस्पतींचा हृदयाला खरंच उपयोग होतो, की सगळं सांगोवांगी?

होतो. आणि त्याचा भक्कम पुरावा हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच सापडतो.

डिगॉक्सिन हे जुनं उदाहरण. अंगावर सूज चढलेल्या रुग्णांना दिला जाणारा एक घरगुती काढा विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरच्या पाहण्यात आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. काम करणारी त्यातली एकच, फॉक्सग्लोव्ह, हे त्यांनी हेरलं. पुढची दहा वर्षं ती रुग्णांना देऊन पाहिली आणि १७८५ साली सगळे अनुभव छापले, फसलेले रुग्णसुद्धा न लपवता. पानांची ताकद ऋतूप्रमाणे बदलते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून फुलोऱ्याच्या वेळी तोडलेली पानंच वाळवून, त्यांची पूड मोजून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका वनस्पतीतून १९३० साली डिगॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. हृदयाच्या पेशीतला सोडियम बाहेर टाकणारा पंप हे द्रव्य अडवतं. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ठोका जोरकस पडतो.

पण मात्रेची फट फार अरुंद. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडते तेव्हा, रक्तातली पातळी एका मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम इतकीच हवी असते. दोनच्या वर गेली की मळमळ, पिवळं दिसणं, ठोके बिघडणं असे विषबाधेचे प्रकार दिसू लागतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६,८०० रुग्णांच्या चाचणीत डिगॉक्सिनने मृत्यू कमी झाले नाहीत, पण हार्ट फेल्युअरमुळे इस्पितळात भरती होण्याची वेळ कमी वेळा आली. अडीचशे वर्षांच्या औषधाचा हिशेब असा आहे, हे पुढची उत्तरं वाचताना ध्यानात असू द्या.

नवी उदाहरणंही आहेत. कळलावी आणि कोल्चिकम या वनस्पतींत कोल्चिसिन असतं. गाऊटवर, म्हणजे सांध्यांच्या एका दुखण्यावर, ते फार पूर्वीपासून दिलं जायचं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार असलेल्या ५,५२२ रुग्णांना ते रोज ०.५ मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी देऊन पाहिलं, तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्या. हा २०२० सालचा निकाल. २०२३ मध्ये अमेरिकेने या कामासाठी त्याला मान्यता दिली. मग २०२४ मध्ये, नुकताच अटॅक येऊन गेलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही. कळलावीचा कंद मात्र जीवघेणा विषारी असतो. तो घरी आणून काही करण्याचा विचारही नको.

औषध झाडातूनच येतं, तर थेट झाडच का नको?

विलो झाडाच्या सालीची गोष्ट यासाठी चांगली आहे. "ॲस्पिरिन सालीतूनच येतं, मग सालीचा अर्क घेतो," असं अनेक जण म्हणतात. सालीत सॅलिसिन असतं, शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं, दुखणं त्याने थोडं कमी होतं. पण १८९७ साली रसायनशाळेत त्या आम्लाला ॲसिटिलचा तुकडा जोडला गेला आणि ॲस्पिरिन तयार झालं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देण्याचं काम तो जोडलेला तुकडाच करतो. प्लेटलेटमधल्या एन्झाइमवर तो कायमचा बसतो, त्या प्लेटलेटचं आयुष्य संपेपर्यंत. सालीत तो नाहीच. त्यामुळे स्टेंट बसवलेल्या माणसाने ॲस्पिरिन सोडून सालीचा अर्क धरला, तर स्टेंट उघड्यावर पडला असं समजा.

दुसरं उदाहरण सफरचंदाच्या झाडाचं. त्याच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन काढलं गेलं. त्याने लघवीतून साखर जाते, हे नंतर कळलं. पण पोटातून घेतलं तर ते आतड्यातच फुटतं आणि शिवाय जुलाब होतात. रसायनतज्ज्ञांनी रेणूत फेरफार करत करत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं घडवली. मधुमेहासाठी आलेल्या या गोळ्या आज हार्ट फेल्युअरच्या मुख्य औषधांत आहेत, मधुमेह नसला तरी. ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोनही असंच: त्याचं मूळ खेल्ला नावाच्या वनस्पतीतल्या खेलिनमध्ये आहे. झाडाने कल्पना दिली, काम बदललेल्या रेणूने केलं.

'पूरक उपचार' म्हणजे नक्की काय?

चालू औषधांच्या सोबत, डॉक्टरांना सांगून, ठरलेल्या मात्रेत घेतलेलं. गोळी बंद करून घेतलेलं काहीही पूरक नसतं, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

अर्जुनाच्या सालीबद्दल काय म्हणाल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही'मध्ये बसत नाही. सालीत अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पिनॉइड द्रव्यं, फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिन असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हृदयाच्या स्नायूला त्यांचा फायदा दिसलेला आहे. माणसांवरची कामंही आहेत, पण लहान. चालल्यावर छातीत कळ येणाऱ्या ५८ पुरुषांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम अर्क आठवडाभर दिल्यावर कळ कमी झाली आणि ट्रेडमिलवर जास्त चालता आलं. पण एका आठवड्यावरून वर्षानुवर्षांच्या आजाराचा निष्कर्ष कसा काढणार?

नंतर अशक्त हृदयाच्या रुग्णांवर खोट्या गोळीशी तुलना करून, रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कळू न देता चाचणी झाली. बारा आठवड्यांनी हृदयाची पंपिंगची टक्केवारी, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, अर्जुनाने वाढलेली नव्हती. माझं मत असं: कळेच्या त्रासात थोडा उतार पडू शकतो. हृदय 'मजबूत' होतं किंवा ब्लॉकेज विरघळतं याला आधार नाही. डॉक्टरांच्या माहितीत, बाकी गोळ्या सांभाळून कोणी घेत असेल तर मी अडवणार नाही, पण स्वतःहून सुचवणारही नाही.

युरोपात हाच मान हॉथॉर्नला आहे. त्याच्या अर्काची मात्र मोठी परीक्षा झाली. हार्ट फेल्युअरच्या २,६८१ रुग्णांना दोन वर्षं रोज ९०० मिलिग्रॅम दिला, आणि मृत्यू, अटॅक, भरती या एकत्रित घटनांत लक्षणीय फरक पडला नाही. लहान चाचण्यांत चमकलेलं मोठ्या चाचणीत फिकं पडतं, हे या क्षेत्रात नेहमीचंच.

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी वनस्पतींतलं काय खरंच चालतं?

इथे हातात ठोस काही आहे, आणि गंमत म्हणजे त्याची जाहिरात सगळ्यात कमी होते.

पहिलं, विद्राव्य तंतू. इसबगोल रोज १० ग्रॅमच्या आसपास, किंवा ओट्स-बार्लीतलं बीटा-ग्लुकन रोज ३ ग्रॅम, नियमित घेतलं तर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरतं. पाण्यात पडल्यावर या तंतूंचा जेलीसारखा गोळा होतो. आतड्यात तो पित्ताम्लं पकडून शौचावाटे बाहेर नेतो. पित्ताम्लं पुन्हा बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून खेचून घेतं. हाच गोळा औषधांनाही अडकवू शकतो. म्हणून इसबगोल आणि गोळ्या यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा आणि सोबत पाणी भरपूर प्या. हार्ट फेल्युअरमुळे पाण्यावर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, वनस्पतींतली स्टेरॉल. ती दिसायला कोलेस्टेरॉलसारखीच, त्यामुळे आतड्यात शोषलं जाण्यासाठी त्याच्याशी जागेची स्पर्धा करतात. जेवणासोबत रोज २ ग्रॅम पोटात गेली तर एलडीएल ८ ते १० टक्के कमी होतं. नेहमीच्या आहारातून एवढी मिळत नाहीत, त्यासाठी ती मुद्दाम मिसळलेले पदार्थ घ्यावे लागतात. सायटोस्टेरॉलेमिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्यांना ती वर्ज्य. आणखी एक: तंतू असोत की स्टेरॉल, आकडा उतरतो हे सिद्ध आहे. अटॅक टळतो हे थेट मोजून दाखवणारी चाचणी नाही.

मग गुग्गुळ, लसूण, हळद, लाल यीस्ट तांदूळ?

गुग्गुळाने अनेकांची निराशा केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १०३ जणांच्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्क्यांनी *वाढलं*, खोटी गोळी घेणाऱ्यांचं घटलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं.

लसणीची पाकळी ठेचली की तिच्यातलं एन्झाइम आणि ॲलिइन एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं. उग्र वास येतो तो त्याचा. आख्खी पाकळी तशीच शिजवली तर ते एन्झाइम आधीच मरतं. हे रसायन खरं, पण २००७ साली १९२ जणांना सहा महिने कच्ची लसूण किंवा लसणीच्या गोळ्या दिल्या, तेव्हा एलडीएल हललं नाही. रक्तदाब मात्र लसणीने किंचित उतरतो.

२०२२ साली एक सरळ सामना झाला. १९० जणांमध्ये कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या रोसुव्हास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅम या सगळ्यात कमी मात्रेसमोर लसूण, हळद, दालचिनी, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्ट तांदूळ आणि माशाचं तेल यांच्या कॅप्सुली ठेवल्या. २८ दिवसांत स्टॅटिनवाल्यांचं एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. बाकी एकीलाही खोट्या गोळीला मागे टाकता आलं नाही. चाचणीचा खर्च त्या स्टॅटिनच्या कंपनीने उचलला होता आणि मुदतही छोटी होती, हे सांगायला हवं. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

लाल यीस्ट तांदळाची गोष्ट वेगळी. बुरशीने आंबवलेल्या या तांदळात मोनॅकोलिन के असतं, आणि मोनॅकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. स्टॅटिन नको म्हणून हे घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो, फक्त न मोजता. एका कॅप्सुलीत किती आहे हे उत्पादनागणिक बदलतं, आणि काहींत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक बुरशीजन्य विषही सापडलेलं आहे. स्टॅटिनच्या जोडीला तर हे मुळीच नको.

दारुहळदीत सापडणाऱ्या बर्बेरिनने एलडीएल थोडं उतरतं, पण इतर औषधं पचवणारी एन्झाइम ते अडवतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते पूर्ण वर्ज्य आहे.

रक्तदाबासाठी?

बीटच्या रसाला माझा कौल. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जीवाणू नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. वरचा आकडा साधारण चार-पाच अंकांनी उतरतो. जंतुनाशक माउथवॉशने रोज खळखळून चुळा भरणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही, कारण ते जीवाणूच मरतात. मूतखडे होत असतील किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर विचारून घ्या. लघवी लालसर झाली तर घाबरू नका.

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. १९५२ साली तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि काही काळ ते जगभर चाललं. नाक चोंदणं, सुस्ती आणि नैराश्य यांमुळे मागे पडलं. चांगली औषधं हाताशी असताना त्याची चूर्णं घरच्या घरी घेण्यात अर्थ नाही.

आणि ज्येष्ठमध. घसा बसला की आपण सहज तोंडात धरतो, पण बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी ते सतत घेऊ नये. त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. मग शरीरातलंच कॉर्टिसॉल मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पाय सुजतात. लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आधीच कमी असतं, आणि सोबत डिगॉक्सिन असेल तर ठोके बिघडण्याची पूर्ण तयारी झाली. खोकल्याच्या औषधांत, हर्बल चहात, मुखवासात ते लपलेलं असतं.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या हृदयासाठी घ्याव्यात का?

नको. २०,५३६ जणांना पाच वर्षं ई आणि क जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं, काहीही फायदा झाला नाही. धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढला. कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉलचा निकाल थोडा आशादायक आहे. २१,४४२ जणांच्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले. तो दुय्यम निष्कर्ष आहे, आणि चॉकलेट खाण्याचा परवाना तर नाहीच: रोजचे ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल अर्कातून दिले होते.

माझ्या चालू गोळ्यांशी काय काय भांडू शकतं?

हा प्रश्न सगळ्यांनी सगळ्यात आधी विचारायला हवा. फायदा पाच टक्क्यांचा असतो, भांडण जिवावर बेतू शकतं.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना लसणीचे अर्क, गिंको, चिनी डानशेन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं, ते वॉरफरिनच्या उलट काम करतं. पण म्हणून पालेभाजी बंद करायची नाही, प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं. एक आठवडा रोज पालक, पुढचा आठवडा काहीच नाही, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, वर-खाली होतो.

सेंट जॉन्स वर्ट ही उदासपणावरची वनस्पती औषधं मोडणाऱ्या एन्झाइमना आणि ती पेशीबाहेर टाकणाऱ्या पंपांना जोर देते. डिगॉक्सिन, वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, सिम्व्हास्टॅटिन सगळ्यांची रक्तातली पातळी घसरते. गोळी वेळेवर घेऊनही गुठळी होऊ शकते.

ग्रेपफ्रूटचं उलटं. आतड्याच्या भिंतीतलं एन्झाइम ते निकामी करतं, त्यामुळे सिम्व्हास्टॅटिन, फेलोडिपिन, टिकाग्रेलॉर ही औषधं जास्त शोषली जातात. "सकाळी फळ, रात्री गोळी" ही युक्ती चालत नाही, कारण नवीन एन्झाइम तयार व्हायला एक दिवसाहून जास्त लागतो.

नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?

कण्हेर पूर्ण नैसर्गिक आहे. तिच्यातलं ओलिअँड्रिन डिगॉक्सिनच्या जातकुळीतलं, आणि विषबाधा झाली तर डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडंच उतारा म्हणून देतात. पिवळी कण्हेरही तशीच. बचनागातलं अकोनिटिन हृदयाच्या ठोक्यांची लय पार मोडून टाकतं, आणि त्याला उतारा नाही. 'शुद्ध केलेला' असं सांगून कोणी दिला तरी हृदयाच्या रुग्णाने हात लावू नये.

ऑपरेशन किंवा दाताचं काम आहे. काय करू?

लसूण, गिंको, हळद यांच्या कॅप्सुली साधारण दोन आठवडे आधी बंद कराव्यात आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगावं. जेवणातली लसूण-हळद चालते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायचं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील का?

काही जण रागावतातही. तरी सांगा. नुसतं 'एक आयुर्वेदिक घेतो' म्हणून भागत नाही, डबाच घेऊन जा. वनस्पतीचं नाव, कुठला भाग, अर्क की चूर्ण, एका गोळीत किती मिलिग्रॅम, हे सगळं त्यांना दिसलं पाहिजे. डब्यावर फक्त 'गुप्त मिश्रण' किंवा 'खास फॉर्म्युला' असेल तर तो तिथेच बाजूला ठेवा.

सगळं विचारून सुरू केलं. फरक पडतोय हे कसं ओळखू?

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. दोन-तीन एकत्र घेतल्या तर गुण कोणाचा आणि पुरळ कोणामुळे, काहीच कळत नाही. सुरू करण्याआधी लिपिड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. बीपीसाठी असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बसून, पाच मिनिटं शांत राहून मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी त्याच तपासण्या पुन्हा करा. 'बरं वाटतंय' हे मोजमाप नव्हे: छातीत कळ येणाऱ्यांना खोट्या गोळीनेही बराच आराम पडतो. आकडा जागचा हलला नसेल तर डबा बंद. लघवी गडद होऊ लागली, डोळे पिवळे दिसले, हिरड्यांतून रक्त आलं, नाडी फार मंद लागली, तर दोन-तीन महिने पुरे व्हायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि डबा सोबत न्या.